वैनीच्या गालावरची थंडी

मार्गशीर्ष सरत आला की विंझरला थंडी पहिल्यांदा माझ्या खालच्या ओठावर येते. सकाळी पहिला शब्द बोलायला जावं आणि ओठ मधोमध तडकावा, जिभेला खारट चव लागावी, की मी समजते, आता दोन महिने असेच. अंगणातली माती दवानं काळी होते आणि ऊन वर आलं की पुन्हा पांढरी पडते. पावसाळ्यात टम्म फुगलेलं दार चौकटीत सैल होतं. माणसांच्या कातडीचंही तसंच. पावसात भरून आलेली कातडी थंडीत आकसते, ताणते आणि कुठंतरी उलते.

या दिवसांत बायका आपल्या मुलींना घेऊन माझ्याकडे येतात. मी गावात पुष्कळ वर्षं शाळा चालवली, म्हणून मला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. "बाई, पोरीचं त्वांड पार उललंया. काय लावू?" मी लगेच सांगत नाही. मुलीला दारात, उजेडाला उभी करते. बोटांच्या मागच्या बाजूनं तिचा गाल, मग कपाळ, मग नाकाची कड चाचपते. कुणाचं कपाळ तेलकट आणि गाल कोरडे असतात. कुणाचा सगळाच चेहरा वाळल्या पानासारखा खरखरतो. कुणाची कातडी इतकी नाजूक, की नुसतं बोट फिरवलं तरी लाल रेघ उठते. मग मी कुणाला लोणी सांगते, कुणाला कोकमतेल, आणि कुणाला "काही लावू नकोस, चुलीपासून लांब बस" एवढंच. बायका हसतात. बाई मोठ्या वैदीणच की, म्हणतात. पण परक्या मुलीच्या गालाला हात लावण्याआधी मी अजून क्षणभर अडखळते, ते त्यांना दिसत नाही.

हिर्डोशीला, मी बारा वर्षांची असताना, एका थंडीत आमच्या घरात एका गालाला हात लावायची बंदी झाली होती.

हिर्डोशी माझं माहेर. वरंध घाटाच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव. ते संस्थानाचे दिवस होते. भोर आमचं राजधानीचं गाव, पण पायी गेलं तर अख्खा दिवस वाटेत जाई. थंडीत भात कापून झालेलं असे, खाचरं उघडी पडलेली असत आणि घाट चढून आलेला वारा त्या मोकळ्या खाचरांवरून सरळ घरात घुसे. त्या वाऱ्याला वास असे. वाळलेल्या पेंढ्याचा, नाचणीच्या भुसाचा आणि दूर कुठंतरी पेटवलेल्या पाल्याचा. आजही तो वास नाकात आला की मला आधी ऊब आठवते आणि लगेच भीती.

आमच्या घरात थंडी प्रत्येकाला वेगळी लागे. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या टाचांना अशा भेगा पडत की त्यांत दाणा अडकावा; तोंड मात्र जसंच्या तसं. आईचा चेहरा चुलीपुढं बसूनही तुळतुळीत. माझं नाक नि कपाळ तर थंडीतही असं तेलकट, की आबा म्हणत, "सगुणे, तुज्या कपाळावर वात लावली तर जळंल." एका छपराखाली, एकाच तव्यावरची भाकरी खाऊन, ज्याची त्याची कातडी आपापली थंडी सोसत होती. पण हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. अंग उललं की करंजाचं तेल चोळायचं, एवढंच ठाऊक. बैलाच्या खांद्यालाही तेच, माणसालाही तेच.

त्या वर्षी वैशाखात माझ्या थोरल्या भावाचं लग्न झालं होतं आणि दिवाळी झाल्यावर वैनी नांदायला आली. तिचं नाव चंद्रा. माहेर कामथडीचं, खालचं, पुणे-साताऱ्याच्या सडकेजवळचं. ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेली, सोळा वर्षांची पोर. दादा मुंबईला गिरणीत होता. तो तिला आणून आठ दिवसांनी परत गेला. मागं उरलो आम्ही चौघं. तिला आमची नाचणीची भाकरी थापता येईना, आमचे चढ चढताना तिला धाप लागे, पण ती बोलायला गोड होती. आईला ती "आत्ती" म्हणे, आबांना "मामा", आणि मला "वन्सं". बारा वर्षांच्या मला कुणी मानानं हाक मारलेली ती पहिलीच. तिच्या गालांची कातडी पातळ होती, इतकी की उन्हात उभी राहिली की आतली निळी शीर दिसे. मला त्या गालांचा हेवा वाटायचा.

पौष लागला आणि त्या गालांवर चट्टे उठले.

आधी डाव्या गालावर एक, रुपयाएवढा. बाकीच्या रंगापेक्षा फिकट, कडेला कोंड्यासारखे पापुद्रे. मग उजव्या गालावर दोन. ती हसली की कातडी ताणायची आणि तिचं हसू मध्येच थांबायचं. मी ते नदीवर धुणं धुताना मैत्रिणीला सांगितलं. सांगायला काहीतरी हवं म्हणून सांगितलं. "आमच्या वैनीच्या गालाला पांढरं चट्टं पडल्यात." चार दगड पलीकडे भागाकाकी लुगडं आपटत होती. तिचा हात थांबला, ते मी पाहिलं. मला वाटलं, आपण काहीतरी महत्त्वाचं बोललो.

भागाकाकी आमच्या भावकीतली, म्हातारी, जाणती. ती दुपारी घरी आली, वैनीला अंगणात उभी केली आणि हात न लावता, मान वाकडी करून तिनं बघितलं.

"राख घिऊन घास," ती आईला म्हणाली. "वरनं करंजेल चोळ. साधं आसंल तर जाईल."

"आन् न्हाई गेलं तर?" आईनं विचारलं.

भागाकाकीनं वैनीवरची नजर काढली. पदर सावरून निघून गेली.

काकी सांगून गेली तसं आईनं केलं. स्वतःच्या हातानं नव्हे. वैनीलाच घासायला लावलं. तीन दिवस सकाळी राख, मग करंजेल. चौथ्या दिवशी वैनीचे दोन्ही गाल लालभडक झाले, सुजले, त्यांतून पाणी यायला लागलं आणि मधले पांढरे चट्टे त्या लालीत जास्तच उठून दिसू लागले. तिच्यानं तोंड उघडवेना. मी तिच्याजवळ बसायला गेले तशी आई मागून ओरडली, "सगे! लांब हो!" असा आवाज आईचा मी कधीच ऐकला नव्हता. साप दिसल्यावर माणूस ओरडतं तसा.

त्या दिवसापासून वैनीचा बिछाना गोठ्याच्या पडवीत गेला. तिला वेगळी ताटली आली. भाकरी वरून टाकायची, पाणी वरून ओतायचं. घरातलं काम बंद. शेण काढायचं, गवत आणायचं, अंगण झाडायचं. गावात तो शब्द फिरला. रगतपिती. महारोगाला आमच्याकडे तेच म्हणत. आमच्या घरात मात्र तो कुणीही उच्चारला नाही. आम्ही त्याच्याभोवतीनं चालत होतो, निखारा सांडला की चालतो तसं.

ते दिवस आठवताना मला दुपारच आठवते. दुपारची ती स्तब्धता. गोठ्यात गाय रवंथ करतेय, पत्र्यासारखं कोरडं ऊन, आणि पडवीत वैनी माझ्याकडे पाठ करून बसलेली. तिचा उजवा हात गालाशी जाई, क्षणभर थांबे, तिचे खांदे आक्रसत, आणि हात खाली येई. पुन्हा थोड्या वेळानं तसंच. मला वाटे, खाज सुटत असेल. मी दारात उभी राहून बघत असे. हाक मारायची हिंमत होत नसे. माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यानं हे सगळं झालं आहे, हे मला कळत होतं, आणि ते कुणाला कळू नये म्हणून मी आणखी गप्प होत होते.

मग तात्या आले. आबांचे थोरले भाऊ. गावात त्यांच्या शब्दाला वजन. अंगणात घोंगडी टाकली. आई दाराआड, मी तिच्या मागं. वैनी समोर पडवीत, सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"कामथडीला नेऊन घाला," तात्या म्हणाले. "त्यांची पोर, त्यांनी बघावं. आपून पोराला दुसरी बघू. म्हईनाभर उशीर केला तर आपल्या दारात पानी कोण पिनार न्हाई. ही सगुणा बी उजवायची हाय तुला, ध्येनात ठेव."

माझे आबा फार बोलणारे नव्हते, आणि मोठ्या भावापुढं तर नाहीच. पण ते म्हणाले, "आदी भोरच्या डाक्तराला दावतो."

"डाक्तर काय येगळं सांगनार?"

"सांगू द्या त्याला. त्यो व्हय म्हनला तर तसंच म्होरं कामथडीला नेतो. मागारी आनत न्हाई."

तात्या उठून गेले. आईनं त्याच दुपारी वैनीचं बोचकं बांधलं. मी बघत होते. दोन लुगडी, चोळ्या, लग्नातलं हिरवं लुगडं, फणी, करंडा. काही मागं ठेवलं नाही. बोचकं पडवीच्या कडेला ठेवून आई मागं सरली. वैनीनं ते उचलून बघितलं, हातानं वजन घेतलं, आणि खाली ठेवलं. त्या वजनात तिला काय ते समजलं.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा आम्ही निघालो. मला का नेलं, हे मला आज कळतं: सुनेबरोबर सासरा एकटा वाट चालणं बरं दिसलं नसतं, आणि आई येणार नव्हती. पुढं आबा, मग मी, आणि दहा पावलं मागं बोचकं घेतलेली वैनी. नीरेच्या काठानं धुकं जमिनीला टेकलं होतं. वारा समोरून. माझे गाल बधिर झाले होते, आणि मागं तिच्या सोललेल्या गालांना तो वारा काय करत असेल याचा विचार मनात येऊ नये म्हणून मी पावलं मोजत होते. समोरून माणसं आली की वैनी पदर डोळ्यांपर्यंत ओढून वाटेच्या कडेला उभी राही. माणसं पुढं जात, आणि मग थोड्या अंतरावर जाऊन वळून बघत.

एका ओढ्यावर आम्ही शिदोरी सोडली. आबा हात धुवायला खाली गेले. मी उठून वैनीच्या जवळ गेले. आईनं बजावलं होतं तेवढं अंतर ठेवून बसले, आणि माझ्या तोंडून एकदम बाहेर पडलं, "वैनी, म्याच बोलले. धुन्यावर. भागाकाकीनं माजंच ऐकलं."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"चट्टं व्हतंच की, वन्सं," ती म्हणाली. "तू काय खोटं बोलली न्हाईस."

एवढंच. रागावली असती, रडली असती, तर मला बरं वाटलं असतं. ती भाकरीचा तुकडा मोडून तोंडाच्या एका कोपऱ्यानं सावकाश चावत राहिली, गाल हलू नयेत म्हणून. माफ केलं की नाही, ते मला त्या दिवशी कळलं नाही. पुढंही मी विचारलं नाही.

ओढा ओलांडल्यावर आबांनी मला जवळ बोलावलं. चालता चालता, समोर बघत, ते म्हणाले, "आयवर राग धरू नगंस." मग त्यांनी सांगितलं. आईचा थोरला भाऊ होता. तिचा लाडका. त्याला हा रोग झाला. गावाबाहेर रानात त्याला खोपट बांधून दिलं होतं. आई तेव्हा माझ्याएवढीच. ती रोज भाकरी घेऊन जाई आणि एका दगडावर ठेवून मागं सरे. एकदा तिनं पुढं होऊन त्याच्या हातात भाकरी दिली, तर तिच्या बापानं तिला मारलं होतं. एका पावसाळ्यात तो गेला. तिथंच. "तिला त्येच दिसतंया," आबा म्हणाले. "सुनंकडं बघितलं की तिला भाऊ दिसतो."

मी मागं वळून पाहिलं. दहा पावलांवर वैनी चालत होती. तेवढंच अंतर आईनं कधीकाळी एका दगडापासून राखलं असेल.

भोरला पोचलो तेव्हा ऊन कलू लागलं होतं. मी भोर पहिल्यांदा बघत होते. दुकानं, पगडीवाले कारकून, लाकडी माड्या. पण आज आठवतो तो फक्त दवाखान्यातला वास, औषधाचा, तिखट, डोळ्यांत पाणी आणणारा. डॉक्टर पन्नाशीचे, चष्मा लावलेले. आबा हात जोडून उभे. शेवटी म्हणाले, "सायेब, सूनबाईच्या गालाला... लोक म्हनत्यात..."

"लोकांचं राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "मुली, इथं खुर्चीवर बैस. पदर मागं घे."

वैनीनं पदर मागं घेतला. इतक्या दिवसांनी उजेडात मी तिचा चेहरा बघत होते. ओळखू येत नव्हता. लाली करपून तपकिरी झाली होती, जागोजागी सुकलेल्या खपल्या, आणि त्यांत ते चट्टे. डॉक्टरांचा चेहरा बदलला नाही. त्यांनी तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून पाहिली, मानेची बाजू चाचपली, कोपराच्या आतली शीर दाबून पाहिली. मग त्यांनी कापसाचा एक बारीक धागा वळला.

"डोळे मीट. मी हा चेहऱ्याला लावीन. लागलं की त्या जागी बोट ठेवून दाखव. बोलू नकोस."

तिनं डोळे मिटले. डॉक्टर तिच्यावर वाकले. मी आणि आबा त्यांच्या पाठीमागं होतो. त्यांचा हात दिसत होता, बोटं दिसत नव्हती. हात पुढं गेला. वैनी हलली नाही. तिचं बोट मांडीवर तसंच राहिलं. आबांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. हात पुन्हा पुढं गेला. ती हलली नाही. आबांनी भिंत धरली. मला वाटलं, आता इथून कामथडीची वाट. आता ते बोचकं.

"ठीक," डॉक्टर म्हणाले. "मी अजून लावलाच नव्हता. तू अंदाजानं सांगत नाहीस एवढं कळलं. आता लावतो."

हात गेला. वैनीचं बोट वर आलं आणि डाव्या गालावर टेकलं. पुन्हा हात, पुन्हा बोट. उजवा गाल. हनुवटी. चट्ट्याच्या मधोमध. कडेला. प्रत्येक वेळी तिचं बोट वर येई आणि प्रत्येक वेळी माझ्या छातीतलं काहीतरी एक एक करून सुटत जाई. मग त्यांनी टाचणी घेतली. कधी टोक, कधी डोकं. "टोचलं की बोथट?" "टोचलं." "आता?" "बोथट." "आता?" "टोचलं." ती एकदाही चुकली नाही.

डॉक्टर सरळ झाले. मग पुन्हा वाकले आणि एका खपलीवर बोट न लावता ते म्हणाले, "हे काय आहे? टोचल्याच्या खुणा आहेत ह्या. पंधरावीस तरी असतील. कुणी केल्या?"

वैनीनं डोळे उघडले. आबांकडं पाहिलं नाही.

"म्याच. करवंदीच्या काट्यानं."

"कशाला?"

"त्या रोगात कातडीला कळत न्हाई म्हन्त्यात. म्हनून रोज टोचून बघत व्हते." तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "रोज लागत व्हतं, सायेब. रोज लई लागत व्हतं."

"मग घरी सांगितलं नाहीस?"

"इचारलं न्हाई कुनी."

आबा भिंतीशी खाली बसले आणि त्यांनी मुंडासं सोडून तोंडावर धरलं. माझ्या डोळ्यांपुढं ती दुपार आली, ती पाठ, तो गालाशी जाणारा हात. खाज सुटली असेल, असं मी समजले होते.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. मग ते आबांना समजावून सांगायला लागले, शाळेतल्या मास्तरांसारखं, सावकाश. हा रोग तो नाही. कोरड्या कातडीचे चट्टे आहेत, थंडीत पुष्कळ पोरांना येतात, आपोआप जातात. हिची कातडी मुळातच पातळ आणि कोरडी. त्यावर राख घासली, वर करंजेल. चेहरा भाजल्यासारखा झाला. त्यावर काटे. "बैलाच्या खांद्याचं औषध हिच्या गालाला कसं चालेल?" मग त्यांनी मला पुढं बोलावलं. माझ्या कपाळावर बोट फिरवून ते आबांना दाखवलं. "हे बघा. ही तेलकट. हिला राख चालली असती, काही झालं नसतं. दोघी एकाच घरातल्या, पण कातड्या दोन. एकीला जे सोसतं ते दुसरीला सोसेलच असं नाही."

तेवढ्यात आतल्या दारातून डॉक्टरांच्या मंडळी आल्या. दवाखान्याला लागूनच त्यांचं बिऱ्हाड होतं, त्यांनी सगळं ऐकलं असावं. त्यांच्या हातात काचेची छोटी बरणी होती, आत पांढरंशुभ्र काहीतरी. गुलाबाचा वास आला. "हा स्नो लाव गं तोंडाला, मुली," त्या वैनीला म्हणाल्या. "मी रोज लावते."

"तिला तो नको," डॉक्टर म्हणाले. "तो लावला की नाहीसा होतो, अंगात ओलावा धरून ठेवत नाही. तुझ्या चेहऱ्याला ठीक आहे, या लहानीलाही चालेल. हिला कोकमतेल. कोकणातली माणसं आणतात, पेठेत मिळेल." आणि वैनीकडं वळून, "आधी खपल्या पडू देत. मग साध्या कोमट पाण्यानं तोंड धुवायचं, पुसायचं नाही, टिपायचं. ओलसर असतानाच तेल तळहातावर विरघळवून हलक्या हातानं लावायचं. चोळायचं नाही. समजलं?"

त्या बाईंनी बरणी माझ्या हातात दिली होती; ती मी परत केली. पण जाताना त्यांनी वैनीच्या डोक्यावरून हात फिरवला. सहज, जाता जाता. वैनी तशीच बसून राहिली, हात निघून गेला तरी मान हलवेना.

आबांनी पेठेतून कोकमतेल घेतलं. पिवळसर, मेणासारखं घट्ट, पानात गुंडाळलेलं. आम्ही ओळखीच्या एका घराच्या ओसरीवर मुक्काम केला. सकाळी रस्त्यावर आल्यावर आबा थांबले. एक वाट आमच्या डोंगराकडं, दुसरी खाली कामथडीकडं. वैनीच्या काखेत ते बोचकं.

"पोरी," आबा म्हणाले. आत्तापर्यंत ते तिला सूनबाई म्हणत. "तुज्यावर लई अन्याव झाला. तुला म्हायेराला जायाचं आसंल तर नेतो. चार म्हईनं ऱ्हा. आमी कुनी काय म्हननार न्हाई. कुठं जायाचं, तू सांग."

वैनी कामथडीच्या वाटेकडं बघत राहिली. तिकडं ऊन आलं होतं. दूर धूळ उडत होती. तिकडं तिची आई होती, ज्वारीची भाकरी होती, तिच्या कातडीला सोसणारी हवा होती. मी मनातल्या मनात म्हणत होते, जा, वैनी, जा. आणि त्याच वेळी, नको जाऊस.

"हिर्डोशीला," ती म्हणाली.

आबांना खरं वाटेना.

"आत्तींनी मला भाईर काडली," ती म्हणाली. "म्या म्हायेराला गेले तर लोक म्हनतील, खरंच व्हतं. मला आत बी आत्तींनीच घ्याया पायजे, मामा. दुसऱ्या कुनी घिऊन उपेग न्हाई."

येताना ती दहा पावलं मागं नव्हती. माझ्या शेजारून चालली. चढाला मी तिचं बोचकं घेतलं. अंग शेकेल इतकं ऊन होतं तरी वारा गारच होता, आणि जसजसं गाव जवळ येऊ लागलं तसतशी तिची पावलं मंद होत गेली.

आम्ही दिसलो तशी गल्लीतली माणसं बाहेर आली. वैनी मागारी आली, याचा अर्थ काय, हे त्यांना कळेना. आम्ही अंगणात शिरेपर्यंत मागं बायकांचा घोळका झाला होता, त्यांत भागाकाकीही. आई दारात आली. आधी तिनं आबांकडं बघितलं, मग वैनीकडं. तिचा रंग उडाला.

"न्हाई," आबा मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रोग न्हाई. डाक्तरनं बघितलं, सुई टोचून बघितलं. थंडीचं चट्टं हायेत. आपुनच तिचं त्वांड जाळलं." मग त्यांनी त्या काट्यांचं सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज बसला.

आई उंबऱ्यात उभी होती. तिचा एक हात चौकटीवर. डॉक्टर काय म्हणाला ते तिला ऐकू आलं होतं, पण एवढ्या वर्षांची भीती काही एका वाक्यानं निघत नाही, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आबांनी तेलाची पुडी माझ्याजवळ दिली. मला वाटलं, आपणच लावावं, आपणच वैनीला हात लावावा, म्हणजे आईची सुटका होईल. मी पुढं झाले. वैनीनं मान हलवली. ती अंगणात, पडवी आणि दार यांच्या मधोमध, बोचकं पायाशी ठेवून उभी होती. गोठ्याकडं गेली नाही आणि घराकडंही आली नाही. तिनं पदर मागं घेतला. सगळ्या गावासमोर तो करपलेला, टोचलेला चेहरा तिनं उघडा ठेवला, आणि ती आईकडं बघत राहिली.

मागून वारा आला, तिच्या लुगड्याचा काठ हलला.

मग आई उंबऱ्यावरून खाली उतरली. हळूहळू अंगण ओलांडून तिच्यासमोर आली, आणि शेवटचं पाऊल टाकायच्या आधी थांबली. मला दिसलं, तिनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच तिनं हात पुढं केला आणि तळवा वैनीच्या डाव्या गालावर ठेवला.

वैनीला ते लागलं असणार. पण ती मागं सरली नाही.

आईनं डोळे उघडले. ती काही बोलेल असं मला वाटलं. माफ कर म्हणेल, किंवा भावाचं नाव घेईल. माझी आई असलं काही बोलणारी नव्हती. तिनं वाकून ते बोचकं उचललं, काखेत मारलं, आणि दुसऱ्या हातानं वैनीचं मनगट धरलं.

"हितं वारं लई हाय," ती म्हणाली. "आत चल."